आभाराच्या यादीतलं शेवटचं नाव

भगवंत खबाले कपाटाच्या आरशासमोर उभे राहून आभार मानत होते. कपाट रिकामं होतं. आतलं सगळं सामान गोण्यांत आणि खोक्यांत गेलं होतं आणि उद्या सकाळी टेम्पो ते घेऊन कराडजवळच्या गावी जाणार होता. आरसा तेवढा कपाटालाच जडवलेला असल्यामुळे अजून कामाला येत होता.

“...तसंच मंडपवाल्यांचे, माईकची व्यवस्था पाहणाऱ्यांचे, हॉल उपलब्ध करून देणाऱ्यांचे...”

“अवो, जेवून घ्या,” सुगंधाबाई आतून म्हणाल्या. “भात गार व्हाय लागलाय.”

“अगं, यादी चाललीय.”

“यादी कुठं पळून जातीय? एकतीस वर्षं तीच हाय.”

हे खरं होतं. बोईसरच्या ‘कामगार एकजूट’ या युनियनचे एकतीस वर्षांत पाच सचिव झाले, पण आभार मानणारा माणूस एकच राहिला. कारखान्यात खबाले फिटर होते आणि युनियनमध्ये आभार. कागदावर कुठं तसं पद नव्हतं, पण सभेची पत्रिका छापताना सगळ्यात खाली ‘आभार : भगवंत खबाले’ ही ओळ छापखानेवाला न विचारता टाकत असे.

भगवंतरावांनी यादीची शेवटची ओळ वाचली. ही ओळ ते घरात नेहमी अगदी हळू, ओठातल्या ओठात वाचत. ‘चहाची व्यवस्था : सौ. सुगंधा भगवंत खबाले.’ लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर हे नाव त्यांच्या तोंडून बायकोसमोर कधी निघालं नव्हतं. घरात ‘अगं’ होतं आणि तेवढ्यावर दोन मुलं, एक टाळेबंदी आणि सरावलीच्या दोन खोल्यांतला सगळा संसार झाला होता.

आणि सभेत हे नाव घ्यायची वेळ एकतीस वर्षांत एकदाही आली नव्हती. आभाराला ते उभे राहत तेव्हा लोकही उभे राहत, पण चपला शोधायला. ‘प्रमुख वक्ते’ झाले की अर्धा हॉल रिकामा, ‘पत्रकार बंधू’ झाले की उरलेला, आणि मंडपवाल्यांपर्यंत यादी पोचली की कुणीतरी मागून ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ म्हणून सभा संपवून टाकी. एका वर्षी वक्त्यांचं पोट बिघडलं होतं, म्हणून भाषण वीस मिनिटांत उरकलं आणि यादी थेट माईकवाल्यांपर्यंत गेली. भगवंतरावांना तो दिवस अजून आठवे.

“मग नाव वर घ्या की काका,” सचिव मारुती त्यांना एकदा म्हणाला होता. मारुती चाळिशीचा, युनियनमधला सगळ्यात तरुण माणूस. “वक्त्यांच्या खालोखाल काकूंचं नाव घ्या. कोण नाय म्हणतंय?”

“घरचं माणूस वर घ्यायचं? हा वशिला झाला, मारुती. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?”

‘त्यांच्यात’ म्हणजे कुणाच्यात हे मारुतीने विचारलं नाही. चहा यादीत शेवटी, म्हणून सुगंधा शेवटी. तत्त्व म्हणजे तत्त्व. या तत्त्वापायी आतल्या आत जीव किती तुटतो हे भगवंतरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण नोकरी संपवून ते गावी निघाले होते; आजची सभा त्यांची शेवटची होती. आज नाव घ्यायचं राहिलं तर ते कायमचं राहणार होतं, कारण गावाकडे कुणी सभा घेत नाही आणि घेतली तर आभार सरपंचाचा भाचा मानतो.

आभार मानणाऱ्या माणसाला सगळी भाषणं जागेपणी ऐकावी लागतात. श्रोता डुलकी काढू शकतो, अध्यक्ष तर काढतातच; पण आभारवाल्याला शेवटी भाषणातला एखादा विचार ‘मोलाचा’ म्हणून उचलून दाखवायचा असतो. त्यामुळे डाव्या विचारवंतांच्या वक्तृत्वाचा पालघरपासून वाणगावपर्यंत भगवंतरावांइतका अभ्यास कुणाचा नव्हता. एका वक्त्यांनी चष्मा काढला की समजावं, सरंजामशाही संपली, आता भांडवलशाही लागली. दुसरे एक जण ‘मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही’ असं म्हणून सुरुवात करत आणि दीड तासाने सगळ्या हॉलचंही तेच मत होई. एक जण ‘मग कामगारानं करायचं तरी काय?’ असं विचारून इतका वेळ गप्प राहत की एकदा मागून उत्तर आलं, ‘घरी जायचं.’ एक बाई टेबलावर मूठ आपटत; त्या आल्या की भगवंतराव पाण्याचा ग्लास हातात धरून बसत. या सगळ्यांचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. ‘जाता जाता एवढंच सांगतो’ असं म्हटल्यावर माणूस सरासरी पस्तीस मिनिटांनी जातो, असा भगवंतरावांचा अनुभव होता.

भगवंतराव चेष्टा करायचे, पण त्यांचा या माणसांवर जीव होता. आठवीतून शाळा सुटलेल्या भगवंतरावांना जग केवढं आहे ते याच लोकांनी सांगितलं होतं. रात्रपाळी करून आलेला माणूस समोर पेंगतो आहे हे दिसत असूनही ते त्याच्याशी असं बोलत, जणू उद्या सकाळी त्यालाच देश चालवायचा आहे. असं भगवंतरावांशी दुसरं कुणी कधी बोललं नव्हतं. आपल्यालाही एकदा असं उभं राहून, सावकाश, कुणी चपला न शोधता बोलायला मिळावं, अशी त्यांना फार इच्छा होती. ती त्यांनी यादीत घडी घालून ठेवली होती.

आजचे वक्ते होते प्रा. कमलाकांत चुरी. मूळचे पालघरचेच, मुंबईच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर, आवाज चाळिशीतला. पाठीवर नातवाची जुनी बॅग, तिच्यावर हसरा डायनोसॉर. विषय होता ‘कामगार चळवळीतील अनामिकांचे योगदान’. हॉलच्या दारातच भगवंतरावांनी सरांना गाठलं.

“सर, एक विनंती होती. आज जरा आटोपशीर...”

“आटोपशीरच बोलणार, खबाले. तीनच मुद्दे.”

भगवंतरावांनी घड्याळ पाहिलं. सरांच्या पहिल्या मुद्द्याला पाच उपमुद्दे असतात आणि पाचव्या उपमुद्द्याला इतिहास असतो.

चार वाजता सभा सुरू झाली. साठेक माणसं होती, म्हणजे गर्दीच म्हणायची. बाहेर रस्त्यावर बेटेगावच्या रिक्षा उभ्या राहतात तिथल्या खांबावर दोन कर्णे बांधले होते, कारण आत न येणाऱ्यांनाही विचार ऐकवले पाहिजेत, असं युनियनचं पूर्वीपासूनचं धोरण होतं. कर्ण्याखाली नवसी मासळीची टोपली घेऊन बसे. तारापूरकडून रोज येणारी ही बाई ‘कामगार एकजूट’ची सगळ्यात जुनी श्रोती होती, पण ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

पावणेपाचला सर पहिल्या मुद्द्याच्या तिसऱ्या उपमुद्द्यावर होते. भगवंतरावांनी खिशातून कागद काढला, ‘वेळ संपत आली आहे’ असं लिहिलं आणि चिठ्ठी टेबलावर सरकवली. इथेच पहिली चूक झाली. सरांना चिठ्ठी देणं म्हणजे आगीत तेल ओतणं, हे एकतीस वर्षांच्या अभ्यासकाने विसरायला नको होतं.

सरांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. “श्रोत्यांतून एक अतिशय मूलगामी चिठ्ठी आली आहे. ‘वेळ संपत आली आहे.’ साथींनो, कुणाची वेळ? कामगाराची वेळ ही मुळात कामगाराची असते का?”

पुढची बावीस मिनिटं सर भोंगा, हजेरीपट आणि घड्याळ यांवर बोलले. बोलले छानच. भगवंतरावांनी ‘मोलाचा विचार’ म्हणून त्यातलं एक वाक्यही टिपून घेतलं, आणि मग भानावर येऊन ते मागच्या दाराने चहाच्या खोलीत धावले.

“अगं, चहा आण. आत्ताच.”

“आत्ता? मुद्दा कितवा चाललाय?”

“पहिलाच.”

“मग? सरांच्या दुसऱ्या मुद्द्याला मी गॅस पेटवते आणि तिसऱ्याला पत्ती टाकते. आज काय नवीन काढलंय?”

“चहा आला की वक्ता समजतो, आता थांबायचं. आण गं.”

सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. गेल्या महिनाभरात हा माणूस गप्प गप्प असतो, मध्येच खोकी सोडून खिडकीबाहेर बघत बसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी काही न विचारता गॅस मोठा केला. गवती चहाची शेवटची पानं त्यात टाकली. खोलीमागच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी लावलेला तो गवती चहा, डबा जड म्हणून, इथेच राहणार होता.

चहा आला. सुगंधाबाईंनी सरांपुढे कप ठेवताना टेबलावरची चिठ्ठी उचलून घेतली. सर म्हणाले, “वा! चहा आलाच आहे, तर आपण चहाच्या मळ्यांपासूनच पुढे जाऊ.”

आणि दुसरी चूक लक्षात आली ती इथे. कप होते तीस आणि माणसं साठ. एरवी पहिले तीस कप धुऊन पुन्हा भरायचे, पण आज हॉलच्या नळाचं पाणी पाचलाच गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, लोक शेवटपर्यंत बसतात ते विचारांसाठी की चहासाठी, हा जो नाजूक प्रश्न युनियनने एकतीस वर्षं झाकून ठेवला होता, त्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं. ज्यांना चहा मिळाला ते तीस जण कप खुर्चीखाली ठेवून एकेक करत उठून गेले.

उरलेले तीस जण मात्र चहाच्या आशेने घट्ट बसून होते. सर दुसऱ्या मुद्द्यात शिरले. “या चळवळीत असंख्य अनामिक हात राबले, साथींनो. इतिहासाने त्यांची नावं घेतली नाहीत. का घेतली नाहीत?”

‘कारण तुम्ही थांबत नाही,’ भगवंतराव मनात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर कारखान्याची सात महिन्यांची टाळेबंदी उभी राहिली. सर तेव्हाही गेटवर आले होते आणि स्त्रियांच्या श्रमावर दोन तास बोलले होते. ते बोलत होते तेव्हा सुगंधा किनाऱ्यावर नवसीच्या मासळी सुकवायच्या वाड्यात बोंबील वाळत घालत होती. कराडकडची पोर, लग्नाआधी मासळी कधी शिवली नव्हती. पहिल्या दिवशी ओकली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. संध्याकाळी लिंबाने हात घासायची आणि त्याच हातांनी गेटवरच्या माणसांसाठी चहा करायची. ‘नाव सुगंधा आणि वास बघा,’ असं एक जण म्हणाला तेव्हा सगळे हसले होते. भगवंतरावही हसले होते. ते हसणं त्यांना आजतागायत सलत होतं.

साडेपाच झाले. भगवंतराव उठले, स्टेजमागच्या बोर्डापाशी गेले आणि त्यांनी फ्यूज उपटला.

पंखे थांबले. दिवे गेले. सर बोलतच राहिले, आणि कर्णेही. माईकवाला मेहुल कोपऱ्यातून अंगठा दाखवत ओरडला, “काका, टेन्शन नाय! ॲम्प्लिफायर बॅटरीवर हाय. दोन तास आरामात खेचेल!”

भगवंतरावांनी घाईघाईने फ्यूज परत बसवायला घेतला, तर त्याची तारच तुटली. पंखे नाहीत, त्यात मे महिना आणि बोईसरची चिकचिक. उरलेल्या तीस जणांनी दहा मिनिटं रुमाल फिरवले आणि मग चहाची आशा सोडली. शेवटी अध्यक्षस्थानी बसलेला मारुतीच कानाला फोन लावून “काका, पाच मिनिटांत आलोच” अशी खूण करत निघून गेला. भाषण थांबवायला निघालेल्या भगवंतरावांनी भाषण सोडून बाकी सगळी सभा थांबवली होती.

सर तीनदा ‘जाता जाता’ म्हणाले आणि सहा वाजून दहा मिनिटांनी खरोखर थांबले. घाम पुसत खुर्चीत बसले.

“थोडं लांबलं का हो, खबाले?”

“नाही सर. आटोपशीरच झालं.”

भगवंतराव यादी घेऊन माईकपाशी गेले. समोर साठ लाल खुर्च्या होत्या आणि ऐकायला सर आणि मेहुल. मागच्या दारात पातेलं कमरेवर घेऊन सुगंधाबाई उभ्या होत्या. उद्या आपण इथे नसू, एवढंच त्यांना कळत होतं. आता यादी गेली खड्ड्यात, सरळ नाव घ्यायचं आणि संपवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तोंड उघडलं.

“अध्यक्ष महाराज,” रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, “मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही.”

हे आलं कुठून, ते त्यांनाही कळलं नाही. पण एकतीस वर्षं कानांवाटे आत गेलेलं बाहेर पडायला लागलं होतं. समोर चपला शोधणारं कुणी नव्हतं. मागून घोषणा देणारं कुणी नव्हतं. भगवंतरावांनी चष्मा काढला. “साथींनो, मी तीनच मुद्दे मांडणार आहे.”

पहिला मुद्दा, ते पत्र्याची ट्रंक घेऊन बोईसरला उतरले तिथपासून सुरू झाला. मिठाचा वारा पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा गावाकडचा कढीपत्ता कसा आठवला, इथपर्यंत आला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि दुसऱ्या हाताने ग्लास धरला. “मग कामगारानं करायचं तरी काय?” असं विचारून बराच वेळ गप्प राहिले. इथे तिकडचं आठवत राहिलो, आता तिकडे गेल्यावर इथलं आठवत राहणार, मग माणसानं राहायचं कुठं, हा उपमुद्दा तर सरांनाही नवीन होता. मेहुल तोंड उघडं टाकून ऐकत होता. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. त्यांची सहा पन्नासची गाडी होती.

“जाता जाता एवढंच सांगतो,” भगवंतराव पंचवीस मिनिटांनी म्हणाले आणि दुसऱ्या मुद्द्याकडे वळले.

तेवढ्यात सरांनी त्यांच्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. मागच्या दारातून आली होती. भगवंतरावांचा चेहरा उजळला.

“श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. वाचतो.” त्यांनी ती माईकवर मोठ्याने वाचली. “‘माझं नाव कितवं आहे? पातेलं अजून घासायचं आहे.’”

त्यांनी कागद उलटून पाहिला. पाठीमागे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘वेळ संपत आली आहे.’

भगवंतराव थांबले. म्हणजे हिला माहीत होतं. आरशासमोर ओठातल्या ओठात वाचलेली ती ओळ हिने स्वयंपाकघरातून प्रत्येक वेळी ऐकली होती, आणि प्रत्येक सभेत पातेल्यापाशी उभी राहून वाट पाहिली होती. एकतीस वर्षं. आणि आज तिचा नवरा मोकळा माईक हातात येऊन सरंजामशाहीकडे निघाला होता.

त्यांनी यादी उलगडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“चहाची व्यवस्था,” ते कसेबसे म्हणाले. “सुगंधा भगवंत खबाले.” मग त्यांनी यादी खाली ठेवली. “सुगंधानं टाळेबंदीत किनाऱ्यावरच्या वाड्यात बोंबील वाळवून घर चालवलं. लोक हसले तेव्हा मीसुद्धा हसलो. तेवढं माफ कर. आभारी आहे.”

सर उठून उभे राहिले. टाळ्या वाजवायला त्यांनी हात उचलले आणि ते मध्येच थांबले.

“वहिनींचं नाव सुगंधा का?” त्यांनी हळूच विचारलं. “मी इतकी वर्षं वहिनीच म्हणत आलो.” मग अनामिकांवर दोन तास बोललेले प्राध्यापक चुरी खाली बसले आणि पुढे काही बोलले नाहीत. हे बोईसरमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

बाहेरून मात्र टाळ्या आल्या. रिक्षाची वाट पाहत थांबलेले, चहा मिळालेले आणि न मिळालेले, सगळे जण कर्ण्याखाली उभे राहून ऐकत होते. आणि टोपली डोक्यावर घेऊन नवसी थेट हॉलच्या दारात आली.

“अगो सुगंधाबाय! भोंग्यावर तुजा नाव घेतला गो तुज्या घोवान्! आखा बोईसर ऐकतंय! आन माजा वाडा सांगितला, पन माजा नाव नाय घेतला. मी काय फुकट बोंबील वाळवायला शिकवला काय हिला?”

“नवसीताईंचेही आभार,” भगवंतराव घाईने म्हणाले.

“हां, मंग ठीक हाय.”

मेहुलने माईक बंद केला आणि तो वायर गुंडाळायला लागला. सर गाडीसाठी धावले. भगवंतरावांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली आणि ते मागे चहाच्या खोलीत गेले. सुगंधाबाई पाठमोऱ्या बसून कोरड्या पातेल्यावर घासणी फिरवत होत्या.

“ऐकलंस का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“अगं, घेतलं की नाव. माईकवर.”

“व्हय? नळ चालू हुता,” सुगंधाबाई मान वर न करता म्हणाल्या. “पाण्याच्या आवाजात काय बी ऐकू आलं न्हाई बघा. परत घ्या.”

नळाला पाच वाजल्यापासून पाणी नव्हतं. भगवंतरावांनी नळाकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

“साथींनो...” सवयीने त्यांच्या तोंडातून निघून गेलं.

“मुद्दे नकोत,” सुगंधाबाई म्हणाल्या. “नुसतं नाव.”